पेटीत मासे किती? गिऱ्हाइकाचा पैसा, दुकानदाराची सचोटी आणि मुक्या जिवाचा हक्क

शोभेचे मासे, काचेच्या पेट्या आणि त्यांना लागणारे सामान यांचा व्यवसाय आता केवळ मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपुरता किंवा कुर्ल्याच्या मासेबाजारापुरता राहिलेला नाही. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही एखाद-दुसरे दुकान दिसतेच. चेन्नईजवळच्या कोलातूरसारख्या ठिकाणी माशांची पैदास होते, तेथून आणि कोलकात्याहून माल येतो आणि आपल्याकडील छोटा दुकानदार तो किरकोळ विकतो. या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणी मासे विकतो, कोणी काच कापून पेट्या जोडतो, कोणी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून देतो, कोणी लाकडी झाकणे बनवतो. म्हणूनच या धंद्यातील एका प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले. प्रश्न साधा आहे: एका पेटीत मासे किती सोडावेत? आणि गिऱ्हाइकाला किती विकावेत?

आमच्या घरची गोष्ट

दूर कशाला जा, आमच्या घरातच जे घडले ते सांगतो. एका रमजान ईदला मुलांनी ईदीचे पैसे एकत्र केले आणि फिश टँकचा हट्ट धरला. आम्ही त्यांना घेऊन एका दुकानात गेलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी घेतली. मासे किती घ्यावेत असे विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाले, "घ्या हो बिनधास्त, वीस सहज राहतात." मग जोड्या निवडणे सुरू झाले. गोल्डच्या दोन जोड्या, ब्लॅक मॉलीच्या दोन, गप्पीच्या दोन, एंजलची एक, टायगर शार्कची एक आणि काच साफ करतात म्हणून सकरची एक जोडी. असे अठरा मासे त्याच संध्याकाळी नव्या पाण्यात सोडले.

तिसऱ्या दिवशी दोन गप्पी दिसेनासे झाले. पाचव्या दिवशी सकाळी चारही गोल्ड पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होते. पाणी दुधासारखे गढूळ झाले. दुकानात गेलो तर निळ्या औषधाची बाटली मिळाली. बाराव्या दिवशी पेटीत दोन सकर आणि एक मॉली एवढेच उरले. धाकट्या मुलीने विचारले, "अब्बा, आपण त्यांना उपाशी ठेवले का?" आम्ही उपाशी ठेवले नव्हते. उलट दिवसातून चार वेळा खायला घालत होतो. पण मुलीला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही.

शेवटी मोहल्ल्यातील एका वयस्कर कारागिराकडे गेलो. लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून पेट्या बनत, त्या काळापासून ते काच कापतात. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "भाई, तुमच्या पेटीत पाणी किती लिटर बसते?" आम्हाला ठाऊक नव्हते. ज्यांनी पेटी विकली त्यांनी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. चाचा म्हणाले, "मग मासे कोणत्या हिशेबाने घेतलेत?"

तेथून आम्ही या विषयाची माहिती घेऊ लागलो. जे समजले ते पुढे देत आहोत.

पेटीचे माप

दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे साधारण ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. हे तीन आकडे गुणून हजाराने भागले की ५४ लिटर येतात. पण वर दोन इंच जागा मोकळी ठेवावी लागते आणि तळाशी खडी असते. म्हणजे खरे पाणी ४० लिटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात आम्ही अठरा मासे कोंबले होते.

एक गोष्ट इतिहासातली. १८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बंद काचपात्रात पाणी न बदलता मासे जगू शकतात का, याचा प्रयोग मांडला. आजच्या घरगुती मत्स्यपेटीची सुरुवात बहुतेकजण तेथून धरतात. त्यांचे पात्र सुमारे १२ गॅलन मापाचे होते आणि त्यात त्यांनी पाणवनस्पती लावून लहान गोल्डफिश सोडले ते फक्त दोन. तरीही कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांना ती पाने खाण्यासाठी गोगलगायी सोडाव्या लागल्या. ज्याने हे शास्त्र उभे केले त्याने दोन माशांपासून सुरुवात केली आणि आपण पहिल्या दिवशी वीस सोडतो.

मासे मरतात कशाने?

पुष्कळांना वाटते की एअर पंप चालू असला की झाले. तसे नाही. मासा जे खातो त्याचा मळ पाण्यातच पडतो, शिवाय कल्ल्यांतूनही तो अमोनिया बाहेर टाकत असतो. अमोनिया हे माशाला विष आहे. त्याने कल्ले भाजल्यासारखे होतात. निसर्गाने याची सोय केली आहे. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजावर एक प्रकारचे सूक्ष्म जिवाणू वाढतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात गेले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. मग दुसरे जिवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच कमी घातक असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की निघून जाते.

अडचण अशी की नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात जितके मासे जास्त, तितके विष जास्त. आमचे मासे पाचव्या दिवशी तडफडू लागले त्याचे कारण हेच. निळ्या औषधाने काही होणार नव्हते, कारण तो रोग नव्हताच.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. पाण्याचा सामू जितका चढा, तितका अमोनिया अधिक जहाल होतो. सामू ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनियाचे प्रमाण सुमारे दसपट वाढते. ज्या गावात बोअरचे जड पाणी वापरतात, तेथे गर्दीची पेटी अधिक लवकर बिघडते.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला तो साडेसातवर येतो. उलट पाणी तापले की माशाची गरज वाढते. म्हणजे मालेगाव-जळगावच्या मे महिन्यात आवक घटते आणि खर्च वाढतो. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. त्यात दोन तास वीज गेली आणि पंप बंद पडला की गर्दीची पेटी एका दुपारीत रिकामी होते. मोजके मासे असलेली पेटी तेवढा वेळ निभावून नेते. प्राणवायू पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून आत येतो, म्हणून उंच आणि अरुंद पेटीपेक्षा पसरट पेटी माशांना मानवते, हेही पेटी बनवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

इंचाचा हिशेब आणि त्यातील खोट

बाजारात एक ठोकताळा चालतो, एका गॅलनला एक इंच मासा. लहान आणि बारीक माशांना तो कसाबसा लागू पडतो. पण दोन इंचांचा मासा चार इंचांचा झाला की त्याचे वजन दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते. खाणे वाढते, मळही वाढतो. म्हणून दोन इंचांचे दहा मासे आणि दहा इंचांचे दोन मासे हे कागदावर सारखे दिसले तरी पेटीत सारखे नसतात.

शिवाय दुकानात जे दिसते ते पिल्लू असते. बाजारात टायगर शार्क या नावाने मिळणारा चंदेरी पट्ट्यांचा मासा हा शार्क नव्हे, तो पंगासियस जातीचा आहे आणि पूर्ण वाढला तर मीटरभराच्याही पुढे जातो. सकर एक फुटाहून मोठा होतो. ऑस्करही फूटभर होतो. साधा गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वितीएवढा वाढतो. दोन फुटी पेटीत त्याचे आयुष्य निघणार नाही. याउलट गप्पी, मॉली, प्लॅटी हे लहानच राहतात, आणि फायटर एकटा असला तर थोडक्या पाण्यातही समाधानाने राहतो, पण त्यालाही पेल्याएवढी बाटली पुरत नाही.

काही दुकानदार सांगतात की मासा पेटीच्या मानाने वाढतो, काळजी नको. हे खरे नव्हे. गर्दीत आणि घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते, तो आजारी राहतो आणि वेळेआधी मरतो. खुंटलेल्या वाढीला आपण सोय समजू नये.

आणखी एक शंका घेतली जाते. दुकानाच्या एकेका पेटीत दोनशे मासे असतात, ते कसे जगतात? त्याचे उत्तर असे की दुकानात ते चार-आठ दिवसच असतात, खाणे मोजून मिळते, पाणी वरचेवर बदलले जाते आणि मेलेले सकाळी काढून टाकले जातात. गिऱ्हाईक ती गर्दी पाहून आपल्या घरचा अंदाज बांधते, आणि येथेच दुकानदाराने बोलले पाहिजे.

मासा तर हलाल, मग एवढा विचार कशाला?

एका बांधवाने आम्हाला हसत विचारले, "जो मासा आपण तळून खातो, तो पेटीत मेला तर काय बिघडले?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. अन्नासाठी मासा धरणे जायज आहे, यात वाद नाही. परंतु खाण्यासाठी घेतलेला जीव आणि शोभेसाठी डांबून, गुदमरून वाया घालवलेला जीव यांत फरक आहे. ज्या स्त्रीने मांजरीला बांधून ठेवले, ना स्वतः खायला दिले ना मोकळे सोडले, तिचा अंजाम काय झाला, ती हदीस आपल्या घरातील मुलांनाही पाठ असते. तिचा गुन्हा मांजर पाळणे हा नव्हता. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्यापाशी एक लहान पक्षी होता आणि प्रेषित (स.) यांनी त्याला मनाई केली नाही, उलट मायेने त्या पक्ष्याची विचारपूस केली. म्हणून पाळण्याला उलेमा हरकत घेत नाहीत. अट एवढीच की ज्याला बंदिस्त केले त्याचा हक्क आपल्यावर आला. पक्ष्याचा हक्क दाणापाण्याचा आणि जागेचा. माशाच्या बाबतीत तर पाणी हीच त्याची जागा आणि तीच त्याची हवा. पाणी बिघडवणे म्हणजे त्याचा श्वास बिघडवणे.

माशाला वेदना होत नाहीत, असेही म्हटले जाई. २००३ साली स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या तोंडावर आणि डोक्यावर इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके दाखवून दिली, आणि इजा झाल्यावर त्यांचे वागणे व खाणे बदलते हेही पाहिले. मासा ओरडत नाही, एवढ्यावरून त्याला काही होत नाही असे म्हणता येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा माणूस सोडून प्रत्येक जिवंत प्राण्याला लागू आहे. ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात त्याला ठेवणे, हा त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

मालातील ऐब लपवणे

आता व्यापाराची बाजू. धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा खालचा माल ओला निघाला, आणि प्रेषितांनी (स.) त्या व्यापाऱ्याला काय बजावले, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. त्याने खोटे बोलून विकले असे त्या प्रसंगात नाही. त्याने जे सांगायला हवे होते ते झाकून ठेवले होते.

टायगर शार्कचे पिल्लू दोन फुटी पेटीसाठी विकणे आणि तो केवढा होणार हे न सांगणे, हे त्याच जातीचे आहे असे आम्हाला वाटते. दुकानदाराला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते.

यावर दुकानदार बंधूंची अडचण आम्ही ऐकली आहे आणि ती खोटी नाही. ते म्हणतात, "गिऱ्हाईकच हट्ट करते. आम्ही नाही म्हटले तर ते समोरच्या दुकानात जाते. भाडे, विजेचे बिल, माल मरण्याची तूट, हे सर्व आम्हालाच भरायचे आहे." खरे आहे. पण हिशेब थोडा लांबचा करून पाहावा. समजा, आज वीस मासे विकून सहाशे रुपये गल्ल्यात आले. पंधरा दिवसांत मासे मेले, गिऱ्हाइकाने पेटी माळ्यावर टाकली आणि चार नातेवाइकांना सांगितले की या भानगडीत पडू नका. आता समजा, पहिल्या दिवशी सहाच मासे दिले आणि दोन आठवड्यांनी आणखी चार घ्यायला बोलावले. पेटी टिकली, तर तेच गिऱ्हाईक खाद्य, फिल्टरचा स्पंज, क्लोरीन मारायचे औषध, रोपे यांसाठी वर्षानुवर्षे येत राहील, आणि एक दिवस तीन फुटी पेटी मागेल. यातील कोणता सौदा फायद्याचा, हे आमच्यापेक्षा गल्ल्यावर बसणाराच चांगले जाणतो.

दुकानदारांसाठी

• प्रत्येक जातीच्या पेटीवर किंमतीबरोबर एक ओळ लिहावी: पूर्ण वाढल्यावर लांबी किती आणि किमान किती लिटर पाणी हवे.
• गिऱ्हाइकाला आधी पेटीचे माप विचारावे, मग जाळी हातात घ्यावी.
• नव्या पेटीसाठी पहिल्या दिवशी दोन-चार लहान व कणखर मासेच द्यावेत. पुढचे दर एक-दोन आठवड्यांनी.
• मोठे होणारे मासे मोठी पेटी असणाऱ्यालाच द्यावेत. वाढलेला मासा परत घेण्याची सोय ठेवावी.
• स्वतःच्या दुकानातील पेट्यांतही मेलेला मासा तरंगत राहू देऊ नये. थोडा माल, पण ताजा आणि धट्टाकट्टा, हे धोरण मरतूक कमी करते.

पेटी बनवणाऱ्या कारागिरांसाठी

आपल्या हाती या कामाची गुरुकिल्ली आहे. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक सूरह आहे. ती तराजूवाल्यांसाठीच आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. पेटी तयार झाली की तिच्या कोपऱ्यात प्रत्यक्ष पाणी किती लिटर बसेल हे लिहून टाकावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत दीडशे लिटरच्या घरात पाणी बसते, म्हणजे काच आणि खडी सोडून दीडशे किलो. हे सांगितले तर गिऱ्हाईक स्टँडही मजबूत घेईल. गोल बाटल्या आणि अगदी छोट्या पेट्या मासे ठेवण्यासाठी म्हणून विकण्यापेक्षा त्यात रोपे लावून विकाव्यात.

घरी पाळणाऱ्यांसाठी

आमच्यासारख्या ४० लिटरच्या पेटीत आठ-दहा गप्पी किंवा तत्सम लहान मासे पुष्कळ झाले. गोल्डफिश हवा असेल तर मोठी पेटी घ्यावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून पाणी दिवसभर उघडे ठेवून किंवा क्लोरीनचे औषध टाकून मगच वापरावे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासू नये, पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळावा, नाही तर उपयोगी जिवाणूच मरतात. खाणे दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेत असतील तर समजावे की गर्दी झाली आहे.

आणि वाढलेला मासा विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नये. पुष्कळजण हे दयेपोटी करतात. पण पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आणि आंध्रमध्ये कृष्णा नदीत असेच पसरलेले सकर मासे आता तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांचे आणि स्थानिक माशांचे नुकसान करीत आहेत. एका जिवावर केलेली दया दुसऱ्याच्या रोजीवर येऊ नये.

आमची पेटी अजून आहे. चाचांच्या सल्ल्याने दीड महिना त्या एका मॉलीवर आणि रोपांवर भागवले. सकरची जोडी त्यांच्याच ओळखीने एका मोठ्या पेटीवाल्याला दिली. आता त्यात सात मॉली आहेत, त्यांतील तीन घरीच जन्मलेल्या. ज्या दुकानातून पहिले मासे घेतले होते, तेथे आम्ही तक्रार करायला नव्हे, पण एवढे सांगायला पुन्हा गेलो. दुकानदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, लोक विचारतच नाहीत." दोष आमचाही होता. म्हणून वाचक बंधूंना विनंती आहे की विकणाऱ्याने सांगावे आणि घेणाऱ्याने विचारावे, पेटी किती लिटरची आणि मासा केवढा होणार. एवढे दोन प्रश्न काउंटरवर झाले तरी पुष्कळ जीव वाचतील, आणि कमाईतही बरकत राहील.